पोरांच्या शिरा आणि ॲम्ब्युलन्समधली खिशातली सोनोग्राफी: घ्यावी का?

सुरुवातीलाच सांगून टाकते, घ्या. पण चालत्या गाडीत शीर शोधायला म्हणून घेणार असाल तर नका घेऊ, पैसे वाया. हा छोटा सोनोग्राफी प्रोब, म्हणजे अंगावर टेकवून फोनवर किंवा टॅबवर चित्र बघायचं यंत्र, आमच्या शिफ्टिंगच्या बॅगेत आता कायमचा असतो आणि बॅगेत दिसला नाही तर मी कटकट करते हे खरं आहे, फक्त कंपनीच्या व्हिडिओत जिथे त्याचा उपयोग दाखवतात तिथे तो होत नाही, भलतीकडेच होतो, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आमचं काम म्हणजे जुन्नर, शिरूर, दौंड, भोर, इंदापूर इकडच्या छोट्या हॉस्पिटलांतून सिरियस पोरं पुण्यात पीआयसीयूला, म्हणजे लहान मुलांच्या आयसीयूला आणायची. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू, उन्हाळ्यात जुलाब-उलट्या, वर्षभर न्यूमोनिया आणि झटके. आपण पोचतो तोवर पोराच्या दोन्ही हातांना कापसाचे बोळे चिकटवलेले असतात, तिथल्या सिस्टरनी सगळं करून बघितलेलं असतं, आणि त्यांना नावं ठेवण्यात काही अर्थ नाही कारण सहा-आठ महिन्यांचं बाळसेदार पोर, त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं, हातपाय गार पडलेले, तिथे शीर दिसतही नाही आणि बोटालाही लागत नाही. यासाठी एक साधा स्कोअर आहे, डिवा म्हणतात त्याला: हाताला पट्टा बांधल्यावर शीर दिसत नसेल तर २, हाताला लागत नसेल तर २, वय एक वर्षाच्या आत असेल तर ३ आणि एक ते तीन वर्षं असेल तर १, दिवस भरायच्या आत जन्मलेलं असेल तर आणखी ३. बेरीज ४ किंवा जास्त झाली की पहिल्या टोचण्यात लाईन (शिरेत ठेवायची सलाईनची नळी) न लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. आम्ही आणतो त्यातल्या बहुतेकांचा स्कोअर ४ च्या वरच असतो हो, कागद-पेन घ्यायचीपण गरज नाही.

आता वस्तूबद्दल. मी वेगवेगळ्या कंपन्यांचे वापरलेत, जो सध्या आमच्याकडे आहे त्याचं नाव लिहीत नाहीये कारण खाली त्याच्याबद्दल बरंच बोलणार आहे. बाजारात साधारण तीन जाती दिसतात. एक बटरफ्लायसारखा, ज्यात स्फटिकांच्या ऐवजी सिलिकॉनची चिप आहे आणि एकच प्रोब सगळ्याला चालतो पण दरवर्षी मेंबरशिप भरावी लागते. दुसरी जात म्हणजे ल्युमिफायसारखी, वायर असलेली, टॅबला जोडायची. तिसरी वायर नसलेली, व्हीस्कॅन एअरसारखी, दोन तोंडांची, आणि त्यात पोरांच्या शिरांसाठी घेताय तर एक तोंड लिनिअर असलेलंच घ्यायचं. हे लिनिअर म्हणजे काय तर सपाट तोंडाचा, जास्त फ्रीक्वेन्सीचा प्रोब, १० मेगाहर्ट्झच्या वरचा असेल तर उत्तम, जो फार खोल बघत नाही पण वरचे दोन सेंटिमीटर लख्ख दाखवतो. पोराची शीर कातडीखाली काही मिलिमीटरवर असते, आपल्याला पोटातलं यकृत बघायचं नाहीये, त्यामुळे डीलर 'मॅडम ३० सेंटिमीटर डेप्थ आहे' असं म्हणाला की हसून मान हलवायची आणि विचारायचं की दीड सेंटिमीटरला चित्र कसं येतं ते दाखवा.

आणि तोंडाची लांबी बघा. यावर कोणी बोलत नाही. मोठ्या माणसासाठी चार-पाच सेंटिमीटर लांब तोंडाचा प्रोब ठीक आहे, चार किलोच्या बाळाच्या मनगटावर तो ठेवला की अर्धा हवेत राहतो आणि सुई घुसवायला जागाच उरत नाही. आमचा जो आहे तो या बाबतीत मध्यम आहे, वर्षाच्या पुढच्या पोराला मस्त, महिन्याच्या बाळाला अवघड. हॉकी स्टिक नावाचा छोटा वाकडा प्रोब मिळतो तो बाळांसाठी सगळ्यात भारी पण तो बहुतेक मोठ्या मशीनला लागतो, खिशात मावणाऱ्यात मला अजून मनासारखा सापडला नाही.

चित्र कसं दिसतं ते ज्यांनी केलं नाहीये त्यांच्यासाठी: पाणी आणि रक्त काळं दिसतं, शीर म्हणजे काळं गोल छिद्र जे दाबलं की मिटतं, आणि धमनी म्हणजे काळं गोल जे धडधडतं आणि सहज मिटत नाही. इथेच नवीन लोकांचा घोळ होतो. बाळाची शीर इतकी मऊ की नुसत्या प्रोबच्या वजनाने मिटते, मग स्क्रीनवर काहीच दिसत नाही आणि डॉक्टर म्हणतो शीरच नाहीये. प्रोब टेकवायचा नाही, जेलवर तरंगता धरायचा, करंगळी पोराच्या हाताला टेकवून. हे एक जमलं की अर्धं काम झालं.

दुसरी गोष्ट सुईच्या टोकाची. शीर आडवी कापून बघत असलो तर सुई म्हणजे स्क्रीनवर एक पांढरा ठिपका, पण तो ठिपका टोकाचा आहे की मधल्या दांड्याचा हे एका जागी धरून कळत नाही. म्हणून टोक दिसलं की प्रोब किंचित पुढे सरकवायचा, ठिपका गायब होतो, मग सुई पुढे घ्यायची, ठिपका परत येतो, परत प्रोब पुढे, असं करत करत ठिपका काळ्या गोलाच्या मधोमध आणायचा. आणि रक्त आलं म्हणून लगेच नळी सरकवायची नाही, तसंच काही पावलं शिरेच्या आत चालत जायचं, मग नळी. पोरांत लाईन बिघडते ती बऱ्याचदा या शेवटच्या घाईने, टोक आत असतं पण नळी अजून भिंतीबाहेर.

याला जोडूनच एक हिशोब, जो आमच्या नवीन पोरापोरींना मी कागदावर काढून दाखवते. पिवळी, म्हणजे २४ नंबरची कॅन्युला (सुईवर बसवलेली तीच नळी) १९ मिलिमीटर लांब. शीर ५ मिलिमीटर खोल असेल आणि तुम्ही ४५ अंशात शिरलात तर शिरेपर्यंत पोचायलाच ७ मिलिमीटर जातात, उरले १२, चालतंय. तीच शीर १० मिलिमीटरवर असेल तर १४ वाटेत गेले, आत राहिले जेमतेम ५, आणि ती लाईन पहिल्या स्पीडब्रेकरला बाहेर येणार म्हणजे येणारच. सोनोग्राफीने खोल शिरा दिसायला लागल्या की माणसाला मोह होतो, कोपराच्या वरच्या जाड शिरेत घालूया म्हणून, तेव्हा नळीची लांबी आठवायची आणि निळी, २२ ची २५ मिलिमीटरवाली तरी घ्यायची. जाडीचंही तसंच, पिवळ्या कॅन्युलाची जाडी ०.७ मिलिमीटरच्या आसपास, तिने शिरेचा निम्म्याहून कमी भाग व्यापायला हवा, म्हणजे दीड मिलिमीटरच्या वरची शीर शोधायची. स्क्रीनवर मोजता येतं हे, हाताने दाबून नाही कळत. माझ्या आवडीच्या जागा दोन, घोट्याच्या आतल्या हाडाच्या पुढची मोठी शीर आणि कोपराच्या खालची बाहेरच्या बाजूची. घोट्याची सगळ्यात प्रामाणिक, जागा सोडत नाही, आणि पोर हाताने ओढूनही काढू शकत नाही.

आता गाडीतलं. नारायणगावहून निघालात तर राजगुरुनगरपर्यंत ठीक, चाकणला ट्रॅफिकमध्ये गाडी उभी, मोशी आणि नाशिक फाट्यापर्यंत खड्डे आणि ब्रेक. अशा गाडीत दीड मिलिमीटरच्या शिरेत सुई घालायची म्हणजे चित्र, हात, पोर आणि गाडी चारही वेगवेगळ्या दिशेला हलतात. सपोर्ट म्हणून करंगळी टेकवलीय ती पण हलते. मी स्पष्ट सांगते, मी नाही करत. लाईन गेलीच आणि लागलीच पाहिजे असेल तर ड्रायव्हर काकांना सांगायचं गाडी बाजूला घ्या, सातारा रोडला खेड शिवापूर टोलच्या पुढे मोकळी जागा बघून, नगर रोडला पेट्रोल पंपात, लाईट चालू ठेवून, सायरन बंद करून. काही मिनिटं जातात पण चालत्या गाडीत तीनदा टोचून जातात त्यापेक्षा कमीच. आमचे ड्रायव्हर काका आता स्वतःच विचारतात, 'मॅडम, ते फोनवालं मशीन काढताय का, मग थांबवू का?'

मग हे घ्यायचं कशाला? निघायच्या आधीसाठी. रेफर करणाऱ्या हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर पहिलं काम मी काय करते तर जी लाईन लागलेली आहे ती बघते. प्रोब कॅन्युलाच्या टोकाच्या पुढे ठेवायचा आणि सिस्टरना म्हणायचं थोडं सलाईन ढकला. शिरेत चमचम करत बुडबुडे पळताना दिसले की लाईन चांगली. नाही दिसले आणि आजूबाजूचं मांस फुगायला लागलं तर ती लाईन आऊट झालेली आहे, वरून सूज दिसायच्या कितीतरी आधी कळतं. ज्या पोराला ॲड्रिनलिन चालू आहे त्याच्यात हे सोन्यासारखं आहे, कारण ते शिरेबाहेर गेलं तर कातडी काळी पडते, आणि ड्रिप बंद पडली तर बीपी पडतं, आणि हे दोन्ही आपल्याला चाकणच्या चौकात कळणं म्हणजे काय ते विचारूच नका. त्यामुळे माझ्या मते याचा सगळ्यात मोठा उपयोग नवीन लाईन लावणं हा नाहीच, असलेल्या लाईनवर भरवसा ठेवायचा की नाही हे ठरवणं हा आहे. मग दुसरी लाईन तिथेच, टेबलावर, आईच्या समोर, पोर स्थिर असताना लावून निघायचं.

आणि तिसरा उपयोग, नाही म्हणायला. हात, पाय, घोटा, कोपर सगळं बघितलं, सगळ्या शिरा मिटलेल्या, तर टोचत बसायचं नाही, सरळ हाडात सुई, तिला आयओ म्हणतात. शॉकमधल्या, म्हणजे अंगात रक्त नीट फिरत नसलेल्या पोराला शीर लवकर मिळत नसेल तर आयओ घ्या हे पाल्सच्या (सिरियस पोरांना वाचवायच्या ट्रेनिंगच्या) कोर्समध्ये सगळे शिकतात पण प्रत्यक्षात 'एकदा अजून बघू' चालू राहतं. स्क्रीनवर शीर नाही हे सगळ्यांना दिसलं की हा वाद संपतो, कोणाचा इगो दुखावत नाही. अर्थात पोर जायच्या बेतात असेल तर प्रोब बॅगेतून काढायचाच नाही, आधी आयओ मग बाकीचं.

खरंच फायदा होतो का असं विचारणाऱ्यांसाठी: २०१९ साली अमेरिकेतल्या एका लहान मुलांच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीमधला अभ्यास छापून आला, अवघड शिरा असतील असं वाटणाऱ्या पोरांत पहिल्याच टोचण्यात लाईन लागली ती सोनोग्राफीने ८५ टक्क्यांना आणि नेहमीच्या पद्धतीने ४६ टक्क्यांना. फरक भरपूर आहे. पण तिथे गाडी नव्हती आणि लावणारे लोक शिकून तयार झालेले होते, हे विसरून डीलर तोच आकडा तुमच्या तोंडावर फेकतो.

कोणी म्हणेल ते लाल-हिरवा उजेड टाकणारं व्हेन फाइंडर स्वस्त पडेल. पडेल ना. ते वरवरच्या शिरा दाखवतं, खोली सांगत नाही, आणि बाळसेदार पोराच्या हातावर ते नुसतं सुंदर दिसतं. सडपातळ पोरांना ठीक.

तक्रारी आता. आमचा प्रोब स्वतःचं वायफाय सोडतो आणि फोन त्याला जोडावा लागतो, तेवढ्या वेळात फोनचं इंटरनेट जातं आणि त्याच फोनवर पीआयसीयूमधून कन्सल्टंटचा व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉल येणार असतो, म्हणून आम्ही जुना वेगळा फोन ठेवला. मे महिन्यात गाडीत ठेवून दिला तर तापतो आणि ऐनवेळी 'थंड होऊ द्या' असा मेसेज दाखवून बंद पडतो, मग आम्ही औषधांच्या आइस बॉक्सशेजारी ठेवायला लागलो. बॅटरीचा दिवा चार खुणांचा आहे, शेवटची खूण किती वेळ टिकेल याचा काही नेम नाही. चार्जर वेगळाच, टाइप-सी नाही, हे कोणी ठरवलं देव जाणे. दुपारी मागच्या काचेतून ऊन आलं की स्क्रीन काळी ठिक्कर, पडदा लावायला लागतो.

जेलचं एक लक्षात ठेवा. जेल राहिलं की चिकटपट्टी चिकटत नाही, आणि इतक्या कष्टाने लावलेली लाईन पट्टी सुटून जाते. आम्ही प्रोबच्या तोंडावर पारदर्शक ड्रेसिंग ताणून लावतो, आत थोडं जेल, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि बाहेरून स्टराइल सलाईन. लागल्यावर गॉजने कोरडं खडखडीत पुसायचं, मग पट्टी, मग स्प्लिंट. प्रोब पुसायला कुठलं लिक्विड चालतं हे त्याच्या पुस्तकात बघा, सगळ्यांना स्पिरिट चालत नाही, रबर खराब होतं.

आता कायदा, कारण हे आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं आणि डीलर शेवटी सांगतो. सोनोग्राफी म्हटलं की पीसीपीएनडीटी आलंच, गर्भलिंग निदान रोखणारा १९९४ चा कायदा, २००३ ला सुधारलेला. प्रोब पोराच्या हातावर ठेवा की घोट्यावर, गर्भ बघू शकेल असं मशीन म्हणून त्याची नोंद लागतेच, आणि नोंदणी नसलेल्या ठिकाणी कंपनीला मशीन विकतासुद्धा येत नाही. पोर्टेबलसाठी तर २०१२ चा वेगळा नियम आहे, एकतर नोंदलेल्या हॉस्पिटलच्या आवारात, ॲडमिट पेशंटसाठी, नाहीतर बाकीच्या आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या मेडिकल युनिटचा भाग म्हणून. ॲम्ब्युलन्स यातल्या कशात बसते आणि दुसऱ्याच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन प्रोब काढलेला चालतो का, हे तुमच्या समुचित प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे हा कायदा बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडून लेखी घ्या, तोंडी 'काही होत नाही' यावर जाऊ नका. आमच्या ॲडमिनने फायलींचा गठ्ठा केला, मशीनचा नंबर, गाडीचा नंबर, वापरणाऱ्या डॉक्टरांची नावं, सगळं. कंटाळवाणं आहे पण मला यावर चिडताही येत नाही, हा कायदा आपल्याकडे का आला ते आपल्याला माहितीय. आणि हो, न्यू जर्सीचा मावसभाऊ दिवाळीला येताना बॅगेत घालून आणतो म्हणाला असेल तर त्याला चितळ्यांची बाकरवडी परत पाठवा आणि नाही म्हणा.

आईवडिलांना आधी सांगावं लागतं. 'सोनोग्राफी' शब्द ऐकला की लोकांना पोट नाहीतर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी आठवते. एका आजींनी विचारलं होतं, हाताला काय झालंय हो माझ्या नातीच्या? आणि बहुतेक वडील हळूच विचारतात, याचं बिल वेगळं का? आमच्याकडे वेगळं लावत नाही, आणि लावू पण नये असं माझं मत आहे, शीर शोधायचे पैसे कसले.

शिकण्याचं काय, तर वस्तू आणल्या दिवशी कोणाला येत नाही. पोरांवर शिकायचं नाही. चायना ग्रास पाण्यात उकळून त्यात थोडी ईसबगोलची भुशी टाकायची, त्याने सोनोग्राफीत मांसासारखं दाणेदार दिसतं, आणि बोहरी आळीतून लांब बारीक फुगे आणून रंगीत पाणी भरून त्यात गाडायचे. डब्यात घट्ट झालं की झाला हात तयार. खर्च नगण्य, रात्रपाळीला कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये ठेवायचं तर वर मोठ्या अक्षरात लिहा, आमच्याकडे कोणीतरी जेली समजून चमचा घातला होता.

किमतीचं म्हणाल तर लिनिअरवाला बरा प्रोब काही लाखांत जातो, तेवढ्यात तीन-चार ॲक्टिव्हा येतील. महिन्याला एखाददुसरं पोर हलवणाऱ्यांना मी घ्या म्हणणार नाही, त्यांनी तेच पैसे चांगल्या आयओ सुयांवर आणि ट्रेनिंगवर घालावेत. रोजचं शिफ्टिंग असेल आणि निदान दोन-तीन डॉक्टर हात बसवायला तयार असतील तर जरूर घ्या. पाचपैकी साडेतीन देईन, वायफाय आणि चार्जर सुधारला तर चार.

आणि डेमो मागवाल तेव्हा दुपारी मागवा, पार्किंगमध्ये, ॲम्ब्युलन्सचं इंजिन चालू ठेवून, आणि वॉर्डातल्या एखाद्या पोराच्या आईला विचारून त्या पोराच्या घोट्यावर नुसतं चित्र दाखवायला लावा. नाहीतर तो डीलरचा मुलगा एसीत बसून स्वतःच्या जिम केलेल्या हाताची शीर दाखवून जाईल, ती तर आमच्या वॉचमन काकांना चष्म्याशिवाय दिसते.